बाळाचे मोजे-टोपडं विणून झालं, आता शिवायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा: बहिणीच्या बाळंतविड्यात द्यायला एक टोपडं, मोज्यांचा जोड आणि बिनबाह्यांचं छोटं स्वेटर विणलं आहे. विणकाम पहिलंच, सगळं दोन सुयांवर, बारीक चार पदरी लोकर आणि दहा नंबरच्या सुया. वीण बरी जमली. पण शिवल्यावर मोज्याच्या तळव्याला जाड वळ आला. टोपड्याची मागची शिवण ओढल्यासारखी दिसते, स्वेटरच्या कडा गुंडाळल्या जातात आणि लोकरीची टोकं धुण्यात बाहेर येतील अशी भीती वाटते. शिवण आतल्या बाजूने, शिवणाच्या साध्या दोऱ्याने घातली आहे. उसवायची का? आणि उसवली तर परत शिवायची कशी?

काकू म्हणून विचारलंस, म्हणून अगं-तुगं करूनच सांगते. उसव. विणकामाला हात लावावा लागणार नाही, फक्त शिवण काढायची आहे. दिवसाच्या उजेडात बस, दोन तुकडे अलगद फाकव म्हणजे मधला दोरा दिसेल, आणि बारीक टोकाच्या कात्रीने तो दर दोन-तीन टाक्यांवर काप. एका टोकाला धरून ओढू नकोस. दोरा लोकरीत रुततो आणि ओढताना काठाचा टाकाच तुटायची भीती असते. कापलेले तुकडे मग चिमटीने सहज निघतात.

आता हे असं का झालं ते सांगते, कारण ते कळलं की पुढचं सगळं सोपं जातं. तू विणलेल्या तुकड्यांना कापडासारखं शिवलंस. कापडाला मोजता येतील असे टाके नसतात, म्हणून तिथे आपण काठापासून अंतर राखून, उलट्या बाजूने धावदोरा किंवा बखिया घालतो आणि सरळपणा नजरेवर सोडतो. विणलेल्या तुकड्याचं तसं नाही. त्याच्या काठाला प्रत्येक ओळीची खूण असते. या बाजूची पहिली ओळ त्या बाजूच्या पहिल्या ओळीला, दुसरी दुसरीला, अशी जोडत गेलं की शिवण वाकडी व्हायला जागाच राहत नाही. शिवाय वीण ताणते, शिवणाचा दोरा ताणत नाही. टोपडं डोक्यावरून ओढलं की सगळा ताण त्या दोऱ्यावर येतो. मग एकतर दोरा तुटतो, नाहीतर शिवण आखडून दोन्ही बाजूंना चुण्या पडतात. तुझ्या टोपड्याला दिसतंय ते हेच.

शिवायला तीच लोकर घ्यायची, आणि बोथट टोकाची, मोठ्या नेढ्याची सुई. लोकरीच्या दुकानात स्वेटर शिवायची सुई म्हटलं की देतात. टोकदार सुई टाक्याच्या मधून जाण्याऐवजी लोकरीचे पदर चिरत जाते. अशी शिवण पुन्हा उसवायची वेळ आली तर फार त्रास होतो. लोकर एका वेळी हातभरच घे. लांब घेतली तर टाक्यांतून जाऊन जाऊन तिचा पीळ सुटतो आणि ती केसाळ होते. लोकर जाड वाटत असेल तर पीळ सोडवून चारातले दोन पदर काढून टाक. उरलेल्या दोन पदरांची शिवण बाळाच्या कपड्याला पुरते आणि पातळही बसते.

शिवण्याआधी एक काम आहे. नवशिके ते जवळपास नेहमी गाळतात. तुकडे सुटे असतानाच भिजवून, मापावर पसरून वाळवायचे. कोमट पाण्यात थेंबभर सौम्य साबण घालून पंधरा-वीस मिनिटं ठेव, चोळू नकोस. स्वच्छ पाण्यातून काढून मुठीत दाब, पिळू नकोस. मग कोरड्या टॉवेलवर पसरून टॉवेलची गुंडाळी कर आणि तिच्यावर हाताने भार दे, पाणी टॉवेलमध्ये उतरतं. त्यानंतर सतरंजीवर दुसरा टॉवेल घालून त्यावर तुकडा मापाने लाव आणि कडेने, न गंजणाऱ्या टाचण्या टोचून सावलीत वाळू दे. मोज्याचे दोन तुकडे एकमेकांशेजारी लावून सारखे करून घे. पहिल्या तीन महिन्यांच्या बाळाचा तळवा साधारण ९ सेंटिमीटरचा असतो. पावसाळ्यात मुंबई-कोकणाकडे तुकडे दोन दिवस पंख्याखाली ठेवावे लागतात. ते पूर्ण वाळेपर्यंत टाचण्या काढायच्या नाहीत.

इथे लोकरीचं लेबल वाचणं फार महत्त्वाचं आहे. आपण सगळ्यालाच लोकर म्हणतो, पण बाळांसाठी म्हणून मिळणारे बहुतेक गुंडे अ‍ॅक्रिलिकचे असतात. मेंढीची लोकर ओली करून पसरली की तो आकार पुढच्या धुण्यापर्यंत बऱ्यापैकी धरते. अ‍ॅक्रिलिक तेवढं धरत नाही, पण टाके एकसारखे बसतात आणि शिवायला सोपे जातात. मात्र अ‍ॅक्रिलिकवर इस्त्री कधीही टेकवू नकोस, वर ओलं फडकं घालूनसुद्धा नको. ते प्लॅस्टिकच्या जातीचं आहे. गरम इस्त्री लागली की धागा मऊ होऊन चपटा होतो, वीण लुळी पडते, चकाकते, आणि ती काही केल्या पूर्ववत होत नाही. कडा गुंडाळतात म्हणून लोक घाईने इस्त्री फिरवतात आणि महिनाभराचं काम एका मिनिटात बिघडतं. कळकळीने सांगते, इस्त्री लांब ठेव.

कडा गुंडाळण्याबद्दल म्हणशील तर त्यात तुझा हात कमी पडलेला नाही. एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशी वीण गुंडाळतेच. तिच्या दोन बाजूंचा ताण सारखा नसतो. म्हणून उभे काठ आतल्या बाजूला वळतात आणि वरखालचे काठ बाहेरच्या बाजूला. भिजवून पसरल्याने ते थोडे बसतात, शिवण घातली की तिथले उभे काठ पूर्ण बसतात. पण जो काठ उघडा राहणार आहे, म्हणजे स्वेटरचा गळा, मुंढा आणि खालचा घेर, तिथे पट्टी हवीच. एकाच ओळीत एक टाका सुलट एक टाका उलट, किंवा सगळ्या ओळी सुलट, काहीही चालेल. या दोन्ही विणी गुंडाळत नाहीत. तुझ्या स्वेटरला गळ्यापाशी पट्टी नसेल तर ती आता टाके उचलून, म्हणजे काठातून सुईवर नवे टाके घेऊन, करता येईल. ते पुढे सांगते.

आता मुख्य शिवण. इंग्रजी पुस्तकांत तिला मॅट्रेस स्टिच म्हणतात. ती बाहेरच्या बाजूने घालायची असते, हे आधी मनात पक्कं कर. दोन्ही तुकडे बाहेरची बाजू वर करून टेबलावर शेजारी शेजारी ठेव. मांडीवर घेऊ नकोस, एक बाजू नकळत ताणली जाते. काठाचा पहिला टाका आणि त्याच्या शेजारचा दुसरा टाका यांच्या मध्ये बोटाने जरा फाकवून बघ. तिथे शिडीच्या पायऱ्यांसारखे आडवे धागे दिसतील, दर ओळीला एक. डावीकडच्या तुकड्याच्या पायरीखालून सुई घाल आणि वर काढ. मग उजवीकडच्या तुकड्याच्या त्याच ओळीच्या पायरीखालून. मग डावीकडची पुढची पायरी, मग उजवीकडची पुढची. सुई दर वेळी त्याच उभ्या रेघेत राहिली पाहिजे. एखाद्या ओळीला काठाचा टाका आणि पुढच्या ओळीला त्याच्या आतला टाका असं झालं, की शिवण नागमोडी दिसते.

पाच-सहा पायऱ्या होईपर्यंत लोकर सैलच ठेव, दोन तुकड्यांमध्ये पायऱ्यांची रांग दिसत राहील. मग टोक धरून शिवणीच्या दिशेने, म्हणजे वरच्या दिशेने, हळूच ओढ. दोन्ही काठ आत वळतील आणि बाहेरून दोन उभ्या टाक्यांच्या रांगा एकमेकींना लागतील, मध्ये काही आहे असं वाटणारही नाही. काठ भेटले की थांब. त्याहून जास्त ओढलंस तर शिवण आखडते. ओढून झाल्यावर शिवलेला भाग दोन्ही हातांनी लांबीत एकदा हलकासा ताणून सोड, म्हणजे लोकर आत थोडी सैल बसते आणि शिवण विणीइतकीच ताणू शकते. हा ताण देणं विसरू नकोस. टोपड्याची मागची शिवण यानेच सरळ पडेल.

सुरुवात करताना कोपऱ्यात बारीकशी खाच राहते, तिचाही उपाय आहे. टाके घालताना उरलेलं टोक सुईत ओव. समोरच्या तुकड्याच्या कोपऱ्यात खालून वर सुई काढ, मग पुन्हा आपल्या तुकड्याच्या कोपऱ्यात खालून वर, म्हणजे लोकरीचा इंग्रजी आठाचा आकडा होतो. ओढलं की खालचे दोन काठ एका रेषेत येतात. एका तुकड्यात एखाददुसरी ओळ जास्त निघाली तर ती शेवटी उरू देऊ नकोस. त्या बाजूला मध्येच एखाद्या ठिकाणी दोन पायऱ्या एकदम घे, दिसत नाही. त्यासाठी आधी दोन्ही काठांवर दर दहा ओळींना एक सेफ्टी पिन लावून ठेवावी. पिना समोरासमोर येतात की नाही तेवढं बघत पुढे जायचं.

सगळ्या ओळी सुलट असलेल्या विणीत पायऱ्या अशा स्पष्ट दिसत नाहीत, तिथे उंचवटे दिसतात. एका बाजूला उंचवट्याची खालची कमान घ्यायची आणि समोरच्या बाजूला वरची कमान. दोन्ही बाजूंना तीच कमान घेतली तर उंचवट्यांची रेघ मधेच तुटल्यासारखी दिसते.

टोपड्याचा माथा कमी करत आणून शेवटी थोडे टाके उरले असतील. ते बंद करायचे नाहीत. तू बंद केले असतील तर तेवढी शेवटची ओळ उसवून टाके परत सुईवर घे. लोकर पुरेशी लांब ठेवून काप, शिवणाच्या सुईत ओवून सगळ्या टाक्यांतून ने, आणि पुन्हा एकदा सगळ्यांतून ने. दोनदा नेल्याने भोक पुन्हा उघडत नाही. टोपड्याच्या दिशेने दाबत, थोडं थोडं आवळ. झटका देऊन ओढलं तर लोकर तुटू शकते. आवळून झाल्यावर त्याच लोकरीने माथ्यापासून खाली शिवण घालत ये.

टोपड्याची कड किंवा मोज्याचा वरचा भाग दुमडून घालायचा असेल तर शिवणीची बाजू मध्येच बदलावी लागते, आणि हे बहुतेक नमुन्यांत लिहिलेलंच नसतं. दुमडल्यावर आतली बाजू बाहेर येते, म्हणजे शिवणीचा वळही बाहेर येतो. म्हणून दुमड जिथे येणार तिथपर्यंत शिवण बाहेरच्या बाजूने घाल, तिथे सुई आरपार काढ, काम उलटं कर आणि उरलेला भाग आतल्या बाजूकडून त्याच पद्धतीने शीव. दुमडल्यावर वळ कुठूनच दिसत नाही.

मोज्याच्या तळव्याचा जाड वळ हा तुझ्या प्रश्नातला मला सगळ्यात महत्त्वाचा भाग वाटतो, कारण तो बाळाला टोचतो आणि बाळ सांगू शकत नाही. टाके बंद केलेला काठ साखळीसारखा असतो आणि मुळातच जाड असतो. अशा दोन साखळ्या आत वळवून शिवल्या की दोरीच होते. तुझे टाके आधीच बंद झाले आहेत, तेव्हा आता असं कर: दोन्ही साखळ्या एकमेकींना टेकवून ठेव, आत वळवू नकोस, आणि दोन पदरी लोकरीने प्रत्येक साखळीचा फक्त बाहेरचा अर्धा धागा घेत, एकास एक टाका जोडत जा. आवळू नकोस. ही शिवण सपाट बसते. नंतर मोजा उलटा करून तळव्यावरून अंगठा फिरव. अंगठ्याला जे जाणवेल ते त्या पायाला नक्की जाणवेल.

पुढच्या जोडाला तळव्याचे टाके बंदच करू नकोस. निम्मे टाके एका सुईवर, निम्मे दुसऱ्या सुईवर घे, मोज्याची आतली बाजू आत राहील असं धर, आणि तिसऱ्या सुईने दोन्हीकडचा एकेक टाका मिळून एक सुलट विणत, सोबतच बंद करत जा. वळ येतो, पण तो बाहेर पडतो, पायाला लागत नाही. तळवा किंवा चवडा सुलट दिसणाऱ्या सपाट विणीचा असेल तर याहून चांगली रीत म्हणजे ग्राफ्टिंग. त्यात सुईने जणू आणखी एक ओळच विणली जाते आणि शिवण अशी उरतच नाही. सुरुवातीला पुढच्या सुईच्या पहिल्या टाक्यात उलट विणताना जाते तशी सुई घालून टाका ठेवायचा, मागच्या सुईच्या पहिल्या टाक्यात सुलट विणताना जाते तशी घालून ठेवायचा. मग शेवटपर्यंत एकच पाठ: पुढे सुलट काढ, उलट ठेव, मागे उलट काढ, सुलट ठेव. मी शिकवते तेव्हा मुलींना हे मोठ्याने म्हणायला लावते, मध्ये कुणी बोललं तरी ओळ चुकत नाही.

स्वेटरचे खांदेही याच तीन सुयांच्या रीतीने जोडावेत, फक्त तिथे बाहेरच्या बाजू एकमेकींना लावून, म्हणजे वळ आत जातो. खांद्यावर थोडा वळ असलेला चांगलाच, त्याने खांदा ताणून लांब होत नाही. तुझे टाके बंद असतील तर दोन्हीकडच्या व्ही आकाराच्या टाक्यांखालून सुई नेत एकास एक जोड. आधी खांदे, मग गळ्याची आणि मुंढ्याची पट्टी, आणि बगलेपासून खालच्या बाजू अगदी शेवटी. बाजू आधी शिवल्यास तर मुंढ्याच्या पट्टीला दोन सुया पुरणार नाहीत.

गळ्याला टाके उचलताना आडव्या भागात प्रत्येक टाक्याला एक टाका उचल. उभ्या भागात मात्र चार ओळींना तीन. टाका जेवढा रुंद असतो तेवढा उंच नसतो. अशा लोकरीला दहा नंबरच्या, म्हणजे ३.२५ मिलिमीटरच्या सुयांवर १० सेंटिमीटरमध्ये साधारण २८ टाके बसतात, पण ओळी ३६ होतात. प्रत्येक ओळीला एक उचललास तर पट्टीला झालर पडेल, फार कमी उचललेस तर गळा आवळेल. पट्टी अकरा किंवा बारा नंबरच्या, म्हणजे बारीक सुयांवर विण आणि टाके बंद करताना उजव्या हातात नऊ किंवा आठ नंबरची, म्हणजे जाड सुई घे. आणि बंद करताना टाका जसा दिसतो तसा विण, सुलटाला सुलट, उलटाला उलट. बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर ३५ सेंटिमीटरच्या आसपास असतो. गळा तेवढा ताणतोय का ते टेप लावून बघ. ताणत नसेल तर बंद केलेली ओळ उसवून पुन्हा सैल कर, किंवा एका खांद्याला दोन बटणं ठेव.

लोकरीची टोकं. गाठ मारून जवळून कापायची सवय फार जणींना असते, ती तू लावून घेऊ नकोस. गाठ अंगाला टोचते आणि अ‍ॅक्रिलिक निसरडं असल्यामुळे सुटतेही. टोक सुईत ओवून शिवणीच्या आतल्या वळातून किमान ५ सेंटिमीटर ने, मग दिशा बदलून दोन-तीन सेंटिमीटर मागे आण. जवळपास शिवण नसेल तर आतल्या बाजूच्या उंचवट्यांतून, टाक्याच्या वळणानेच ने. निसरड्या लोकरीला मी टोकाचे पदर दोन-दोन वेगळे करून दोन दिशांना नेते. कापण्याआधी तो भाग चारी बाजूंनी ताण, मग बोटभर टोक ठेवून काप. एक धुणं झाल्यावर उरलेलं टोक बारीक करायचं.

मोज्यांच्या बाबतीत इथे दुप्पट काळजी घे. आतला सुटा धागा किंवा लांब आडवा फास बाळाच्या पायाच्या बोटाभोवती गुंडाळू शकतो आणि बोटाचा रक्तपुरवठा अडतो. बाळ रडत राहतं आणि मोज्यामुळे कारण कुणाला दिसत नाही. मोजा उलटा करून दोन बोटं आत फाकव. नखात अडकेल असा एकही धागा आत राहता कामा नये. शिवणीत गळलेला केसही काढून टाक. आणि बहिणीला सांग की मोजे काढले की बोटं एकदा बघत जा.

मोज्याच्या भोकांतून ओवायला सॅटिनची रिबीन छान दिसते, पण तिची टोकं उसवतात. लोकरीचीच पिळाची दोरी कर. हवी तिच्या तिप्पट लांबीची लोकर घे, टोकं धरून खूप पीळ दे, मधोमध दुमडून सोड. दोरी आपोआप गुंडाळली जाते. ओवल्यावर दोरीचा मध्य मोज्याच्या मागच्या शिवणीला तीन-चार टाक्यांनी पक्का शीव, म्हणजे बाळाने ओढली तरी हातात येऊन तोंडात जाणार नाही. टोपड्याचे बंद आखूड ठेव, आणि बाळाला झोपवताना टोपडं काढून ठेवायला सांग.

बटणं लावताना मात्र तो शिवणाचा दोरा वापर, दुहेरी करून. लोकर बटणाच्या भोकांत घासून तुटते. आतल्या बाजूला एक छोटं सपाट बटण ठेवून दोन्ही एकदमच शीव, त्याने वीण फाटत नाही. मग बटण चिमटीत धरून जोराने ओढून बघ. जरा जरी हललं तरी पुन्हा लाव, कारण ते बाळाच्या तोंडात जाऊ शकतं.

पुढचा तुकडा विणायला घेशील तेव्हा शिवणीची तयारी विणतानाच करून ठेव. ज्या काठाला शिवण येणार तिथे दोन्हीकडे एकेक टाका जास्त घाल आणि तो दर ओळीला विण. पहिला टाका न विणता नुसता उचलून घ्यायची सवय अनेकींना असते. उघड्या काठाला त्याने साखळी सुंदर येते, पण शिवणीच्या काठाला दोन ओळींत एकच लांब टाका मिळतो आणि पायऱ्या नीट सापडत नाहीत. टाके घालताना शिवणीच्या लांबीच्या दुप्पट टोक सोड, म्हणजे शिवायला नवीन लोकर जोडावी लागत नाही. टाके बंद करायला काठाच्या तिप्पट लोकर लागते. तेवढी गुंड्यावर नसेल तर आधीच्या ओळीच्या काठालाच नवा गुंडा लाव, ओळीच्या मध्ये नको.

बाह्यांचं स्वेटर करशील तेव्हा बाहीचा मध्य आधी खांद्याच्या शिवणीला पिनेने लाव, मग दोन टोकं बगलेला, आणि मध्यापासून दोन्हीकडे शिवत ये. बाहीच्या वरच्या काठाला टाके असतात आणि मुंढ्याला ओळी, म्हणून इथेही तीनास चार. दोन टाके एकास एक जोडायचे आणि तिसऱ्या टाक्याला मुंढ्याच्या दोन पायऱ्या एकदम घ्यायच्या.